पासून

फळ्याच्या डाव्या अंगाला सिन्स लिहिलं,
उजव्या अंगाला फॉर.
मधली रेघ वाकडी गेली,
फळा तिथं पोपडलाय.

सांगितलं, सिन्स म्हणजे पासून.
सकाळपासून, पोळ्यापासून, पाचवीपासून.
आणि फॉर म्हणजे...
थांबलो.
फॉर म्हणजेही पासूनच की.
तीन दिवसांपासून, दोन वर्षांपासून.

हिरकन्या गजभिये वहीतून मान वर न काढता म्हणाली,
"मंग दोन शब्द काहाले पायजेत गुरुजी?
आपलं तं एकातच भागते."

भागतं खरं.
सातवीची मुलं अकरा, आज हजर सात,
चौघं वेचणीला.
सातांपुरता तरी काही जबाब हवा होता.

म्हटलं, गोठ्यात चला.
बैल बांधता तो खुंटा म्हणजे सिन्स.
खुंट्यापासून बैलापर्यंतचा दोर म्हणजे फॉर.
इंग्रजी आधी विचारते,
खुंटा दाखवतोस का दोर मोजून देतोस?
आपण नुसतं म्हणतो, बैल बांधेल हाय.

सुमेध ढोके उठला.
"लाइन चार दिवसांपासून नाही."
दोर, मी म्हटलं. फॉर.
"लाइन सोमवारपासून नाही."
खुंटा. सिन्स.
"पन अंधार तं तेवढाच ना जी?"
हसले सगळे,
माझंही हसू आवरलं नाही.

दाराशी जनकाबाई टेकाम
खिचडीच्या तांदळातले खडे निवडत होती.
सुपावरची नजर न हलवता तिनं विचारलं,
"पूल गेल्यापासून यष्टी येत नाही,
हे कोन्तं जी?"

सिन्स, मी म्हटलं, आणि लिहिलंही.
पूल गेला, तोच खुंटा.
मग खडू हातातच राहिला.
सिन्सला आणखी एक अर्थ आहे,
पुस्तकात तो पुढच्या पानावर येतो,
मी अजून तिथवर गेलो नव्हतो:
ज्याअर्थी. म्हणून.

पूल गेला तेव्हापासून यष्टी नाही.
पूल गेला म्हणून यष्टी नाही.
इंग्रजीत दोन्हींचं एकच वाक्य होतं,
काय समजायचं ते वाचणाऱ्यानं बघावं.

"म्हंजे थेही एकातच भागवतात,"
हिरकन्या म्हणाली.
जिनिंगच्या काट्यात खोट सापडल्यावर
माणूस हसतो, तशी हसली.

जनकाबाईला यातलं काही नको होतं.
तिनं एक खडा दूर भिरकावला.
"तेव्हापासून म्हना नाही तं म्हून म्हना,
मले दवाखान्यात पायीच जा लागते."

चार वाजता वर्ग रिकामा झाला.
मी स्वतःसाठी एक वाक्य जुळवत बसलो.
वाट पाहणं या क्रियापदाला
फॉर दोनदा लागतो.
ज्याची वाट पाहायची त्याच्यासाठी एक,
जितकी पाहिली तितक्यासाठी दुसरा.
माझ्या बदलीचा अर्ज पंचायत समितीत आहे,
त्याचं वाक्य बरोबर आलं,
दोन्ही फॉर आपापल्या जागी.

रात्री टेकडीवर चढून रेंज धरली.
अचलपूरहून बायको म्हणाली,
"कधीपासून म्हणताय, येतो, येतो."
कधीपासून.
याला खुंटा कुठला दाखवू,
दोर तरी कुठून मोजू.
"हॅलो, हॅलो," म्हणालो,
आवाज येत नाही असं भासवलं.

शनिवारी सकाळची शाळा.
फळा पुसायचा राहून गेला होता.
जनकाबाईच्या वाक्याखाली,
उजव्या बाजूला, फॉरच्या रकान्यात
हिरकन्येच्या अक्षरात आकडा:
तीनशे सत्त्याहत्तर दिवस.

कॅलेंडर काढून मी मोजून पाहिले.
माझे साठ-बासष्ट जास्त भरत होते.
तिला बोलावलं, विचारलं.

"आयतवार नाही धरले गुरुजी,
आयतवारी यष्टी पयलेही येत नोयती."